पार्किंगमधली होडी

होडी मी फुकट मिळाली म्हणून आणली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी त्यात पाण्याची ओढ, साहसाची आवड वगैरे शोधायला जाणार नाही. मला पोहता येत नाही. आंघोळीलासुद्धा मी शॉवरपेक्षा बादली पसंत करतो, कारण बादलीतलं पाणी कुठे आहे ते आपल्याला दिसत असतं.

आमच्या कंपनीचं पानशेतच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी एक गेस्टहाउस होतं. ते बंद करायचं ठरलं आणि तिथलं सामान निकालात काढण्याचं काम माझ्याकडे आलं. मी खरेदी खात्यातला. आयुष्यभर घासाघीस केलेली, पण ती दुसऱ्या बाजूने. तरीही खाटा गेल्या, पंखे गेले, कॅरम बोर्ड तर सोंगट्यांशिवाय गेला. शेवटी होडी राहिली. फायबरग्लासची, वल्ह्यांची, चार माणसं बसतील एवढी आणि एके काळी पांढरी असावी अशी शंका येणारी. कित्येक पावसाळे ती आंब्याखाली पडून होती आणि त्याच आंब्याची एक फांदी पडून तिच्या डेकला भगदाड पडलं होतं. डेक म्हणजे होडीच्या नाकाकडचा, वरून झाकलेला भाग. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्याला 'झाकण' म्हणत होतो. भगदाडातून आत डोकावलो तर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच दार न वाजवता आत आलो होतो.

साहेब म्हणाले, "घेऊन जा हो, नाहीतर इथेच मोडून टाकावी लागेल."

'घेऊन जा' हे शब्द कानावर पडले की माझा हात आधी पुढे होतो. 'कशाला?' हा प्रश्न घरी पोचल्यावर सुचतो. आणि तो मला सुचण्याआधी बायकोला सुचतो.

मी टेम्पोतून उतरलो तेव्हा ती कोथरूडच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होती.

"अहो, हे काय आणलंत?"

"होडी."

"ते दिसतंय मला. पाणी मागून येतंय का?"

सोसायटीचे चेअरमन खाली आले. बँकेतून निवृत्त झालेले, नियमावर बोट ठेवून बोलणारे गृहस्थ. त्यांनी होडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आपल्या नियमांत चारचाकी आहे, दुचाकी आहे. बिनचाकीचा उल्लेख नाही."

"म्हणजे बंदी नाही ना?"

"परवानगीही नाही."

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होडी उतरवली. माझ्या स्कूटरशेजारी, ट्रकच्या दोन जुन्या टायरांवर.

बायकोला जिना उतरून यायला बराच वेळ लागला. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. शाळेत फळ्यासमोर उभं राहून नोकरी झाली, त्याची वसुली. येत्या जूनमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. मुलगी बंगलोरला नोकरीला, तिने त्याच बेताने रजा काढून ठेवली होती. तर कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती खाली आली. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी पवित्रा घेऊन उभा राहिलो. पण ती माझ्याकडे आलीच नाही. काठी बगलेत धरून तिने होडीच्या काठावरून हात फिरवला आणि वल्हं अडकवायची पितळी कडी हलवून पाहिली.

"कड्या शाबूत आहेत," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"अहो, मी कॉलेजात वल्हवत होते. नदीवर. दोन वर्षं. सांगितलं होतं की तुम्हाला."

"कधी?"

"बघायला आला होतात तेव्हा."

मग आठवलं. पोह्यांची बशी हातात असताना ती 'मला बोटिंग आवडतं' असं म्हणाली होती खरी. माझ्या डोळ्यांसमोर बागेतलं तळं, पायंडल मारायची बदकं आणि तळ्याकाठची भेळ एवढंच आलं होतं, आणि मी 'मलाही भेळ आवडते' असं उत्तर दिलं होतं. तरी लग्न झालं. इतकी वर्षं मी तिला त्या बदकात बसवून ठेवलं होतं. ती मात्र पहाटे नदीवर जाऊन, हाताला घट्टे पडेपर्यंत खरीखुरी होडी वल्हवत होती.

"एक करा," ती म्हणाली. मंडईतून येताना आलं आणा म्हणावं, त्या आवाजात. "माझ्या ऑपरेशनच्या आधी हिला पाण्यात घाला. एकदा वल्हवेन म्हणते. नंतर डॉक्टर इतकं खाली बसू द्यायचे नाहीत."

एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पण तिची नजर अधूनमधून कॅलेंडरवरच्या जूनकडे जायची आणि मग गॅलरीतून खाली जायची, हे मी पाहत होतो. फुकटात आणलेली वस्तू अचानक फार महाग झाली.

कामाला सुरुवात मी माझ्या पद्धतीने केली, म्हणजे चुकीची. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून गाडीचे पोचे भरायची लांबी आणली. भगदाडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वर लांबी थापली, घासली आणि पांढरा रंग दिला. लांबून बघितलं तर होडी नवीकोरी. मी बायकोला हाक मारली. तिने जवळ येऊन काठीचं टोक डेकवर टेकवलं आणि जरासा भार दिला. काठी आत गेली. नुसत्या भगदाडात नाही, शेजारी जिथे काही झालेलं नव्हतं तिथेही गेली.

"आतलं लाकूड कुजलंय," ती म्हणाली. "वरचा पापुद्रा फक्त उरलाय. हे असं पाण्यात घातलंत तर मी धरणात आणि तुम्ही पेपरात."

मग कळलं की डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मधे लाकूड असतं. भगदाडातून पाणी शिरून ते पार भुसा झालं होतं. म्हणजे वरचा थर कापायचा, कुजकं उकरायचं, नवं प्लायवुड बसवायचं आणि वरून पुन्हा फायबर चढवायचं. प्लायवुड भवानी पेठेत मिळालं. फायबरसाठी मला कुणीतरी वाघोलीला पाठवलं. तिथे एका शेडमध्ये गणपतीच्या देखाव्यांसाठी हत्तींची डोकी बनत होती. मालक एका हत्तीच्या कानात बसून चहा पीत होता.

"काका, काय अवघड हाय त्यात? काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, चिकट रेझिन पाजायचं, परत मॅट. बास."

"आणि रेझिन घट्ट करायचं ते हार्डनर? किती घालायचं?"

"ऊन बघून."

"ऊन बघून म्हणजे किती?"

"काका, घरी कुकरच्या शिट्ट्या किती करता?"

"ते बायको बघते."

"मग हे बी त्यास्नीच बघू द्या."

हा सल्ला मी विनोद समजून सोडून दिला.

आधी कापाकापी झाली. फायबर घासताना जी पांढरी धूळ उडते ती पिठासारखी दिसते आणि खाजकुयलीसारखी वागते. मी ते कपडे नेहमीच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकले. पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघं घरात बोलताना मधेच थांबून पाठ भिंतीला घासत होतो. दूध द्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा दोघांना एकाच भिंतीवर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिशवी दाराच्या कडीला अडकवायला सुरुवात केली.

मग रेझिन. एप्रिलचं दुपारचं ऊन. मी डबाभर रेझिन बादलीत ओतलं. हार्डनर थोडं घातलं. थोडं कमी वाटलं. आणखी थोडं घातलं. लग्नाच्या पंगतीत आग्रह करावा तसं. मॅट कापून घ्यायला वळलो आणि परत येतो तो बादलीतून धूर. रेझिन दगड झालेलं, बादली एका बाजूने वितळलेली आणि ब्रश मधोमध ताठ उभा. चेअरमन गाडी लावत होते. काच खाली करून म्हणाले, "भूमिपूजन झालं वाटतं."

दुसऱ्या वेळी बायको खाली येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मापाचं झाकण तिच्या हातात. "द्या इकडे. आमटीत मीठ घालायला तुम्हाला मी कधी सांगते का?" ती थोडं थोडं मोजून कालवून द्यायची आणि मी ते ब्रशने मॅटवर पाजायचो. बुडबुडा राहिला की ती काठीने दाखवायची. "तिथे. अहो, तिथे नाही, डोळ्यांसमोर." सकाळी ऊन चढायच्या आत आमचं काम चाले. वरच्या मजल्यांवरून कुकर ऐकू यायचे. रेझिनचा वास, तिचा चहाचा थर्मास, हळूहळू भरत येणारा डेक. बोलणं फारसं नसायचं, आणि ते बरं वाटायचं.

मे महिना अर्धा सरला तेव्हा डेक तयार झाला. आणि मी बिघडलो. येईल त्याला मी होडीकडे नेत असे. "वाजवून बघा," म्हणत असे. पोस्टमनने वाजवून पाहिला. गॅस सिलिंडरवाल्याने वाजवून पाहिला. डेक असा खणखणीत बोलायचा की मला माझीच पाठ थोपटल्यासारखं वाटायचं. टेम्पो ठरला होता. पानशेतच्या अलीकडच्या एका गावात होडी पाण्यात उतरवायला जागा बघून ठेवली होती. फक्त पुढचा रविवार यायचा होता.

त्याच्या आधी गुरुवार आला.

त्या वर्षी धरणांनी तळ गाठला होता आणि महापालिकेने दर गुरुवारी पाणी बंद ठेवायला सुरुवात केली होती. पुण्यात पाणी बंद म्हटलं की आदल्या दिवशी घरातलं जे जे पोकळ आहे ते ते भरून ठेवतात. हंडे, कळश्या, पातेली, मुलांचे टब, आमच्या समोरच्या घरात तर फुलदाणी. त्यात आमच्या सोसायटीच्या टाकीला चीर पडलेली. बुधवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले.

"पिण्याचं प्रत्येकाने घरात भरा," चेअरमन म्हणाले. "प्रश्न वापरायच्या पाण्याचा आहे. कुणाकडे मोठं पिंप?"

लोक आपापल्या गॅलऱ्यांकडे बघू लागले. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. "होडी आहे की!"

सगळे माझ्याकडे वळले. ही संधी मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. "जी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही," मी म्हणालो, "ती आतलं बाहेर कशी जाऊ देईल?"

"विचार करण्यासारखं आहे," चेअरमन म्हणाले. माझ्या कुठल्याही वाक्याबद्दल त्यांनी असं म्हटलेलं नव्हतं.

वरून गॅलरीतून आवाज आला, "अहो, ती नुसती दोन टायरांवर आहे!"

"ट्रकचे आहेत टायर!" मी वर न बघता सांगितलं.

नळी लावली. होडी भरायला दिवेलागण झाली. काठोकाठ पाणी, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. ज्या लोकांनी होडी हलवा म्हणून मागच्या बैठकीत हात वर केले होते तेच लोक वाकून तिच्यात बघत होते. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "किती छान दिसतंय, एखादं कमळ सोडा हो." मला त्या क्षणी कुणी महापौर व्हा म्हटलं असतं तरी मी विचार केला असता.

गुरुवारी सकाळी रांग लागली. मी होडीशेजारी उभा राहून सूचना देत होतो. "एकेकाने या. पाणी काढायचा मग काठावर आपटू नका. डेकवर टेकू नका, ताजं काम आहे."

"काका, पाण्याला पॉलिशचा वास येतोय."

"फरशी चकाकेल. पुढे व्हा."

चार-दोन बादल्या निघाल्या असतील नसतील तोच होडीच्या पोटातून एक आवाज आला. कुणीतरी मोठा पापड सावकाश मोडावा तसा. होडीला पाण्यात सगळीकडून आधार असतो. इथे तिच्या पोटात सगळं पाणी आणि खाली आधार फक्त दोन टोकांना. ती मधे खचली आणि जिथे माझा डेक तिच्या काठाला चिकटवला होता तिथला सांधा हातभर उकलला. पाणी पडद्यासारखं बाहेर आलं. माझ्या चपला गेल्या. चेअरमनांच्या गाडीखालून, वॉचमनच्या खुर्चीखालून, फाटकातून ते थेट रस्त्यावर गेलं.

रस्त्यावर एक स्कूटरवाले थांबले. हेल्मेट काढलं. बोलण्यासाठी मुद्दाम काढलं.

"शहरात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही रस्ते धुताय?"

"नाही हो, होडी फुटली."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोथरूडमध्ये?" एवढंच म्हणाले, हेल्मेट घातलं आणि गेले.

लोक रिकाम्या बादल्या घेऊन पांगले. कुणी काही बोललं नाही, त्यामुळे सगळंच ऐकू आलं. मी अनवाणी उभा होतो आणि मला पाण्याचं, गाडीचं, सोसायटीचं काही वाटत नव्हतं. डोक्यात फक्त एकच होतं. रविवार गेला. सांधा वाळणार कधी, पुन्हा चिकटवणार कधी? तोवर पाऊस येणार, जून येणार, मुलगी येणार. आणि मग तिला कधीच इतकं खाली बसता येणार नाही.

बायको जिना उतरत होती. एक पायरी, दोन पाय. मी तिथेच उभा राहिलो. ती येऊन माझ्याकडे न बघता होडीवर वाकली.

"अजून पाणी आहे आत," ती म्हणाली.

होतं. सांध्यातून वाहून गेलं ते गेलं, पण त्याखालचं पाणी जिथल्या तिथे होतं. अर्धी होडी भरून. तिने काठीचं टोक बाहेरून खालच्या अंगाला फिरवलं. कोरडं. पलीकडून फिरवलं. कोरडं.

"म्हणजे खालून ठीक आहे. आपण दोघं बसलो तर पाणी कुठवर येईल बाहेरून? इथवर." तिने काठी उकललेल्या सांध्याच्या चांगली वीतभर खाली टेकवली. "तिथे पोचेल कशाला?"

"पण डेक! डेक निघालाय अगं. मी तो परत कापतो, नीट—"

"अहो, मला डेकवर नाचायचंय का? मला बाकावर बसायचंय." मग काठी मागे घेत, "आमच्या कॉलेजच्या होडीला डेकच नव्हता."

वाघोली, बादली, भिंतीला घासलेली पाठ, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतकं मन लावून करत होतात," ती म्हणाली. आणि हसली नाही, हे विशेष.

सांधा आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधला. डेकवरून घेऊन होडीच्या पोटाखालून, पुन्हा वर. मोडलेल्या हाताला बांधतात तसं. रविवारी सकाळी टेम्पो निघाला तेव्हा चेअरमन फाटकाशी उभे होते. त्यांनी बिस्किटांचा पुडा माझ्या हातात ठेवला.

धरणाचं पाणी इतकं आटलं होतं की काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या चिखलाचं माळरान पसरलेलं. गावातले तिघेचौघे मदतीला आले. एक म्हातारबाबा पट्ट्यांकडे बघून म्हणाले, "आजारी हाय व्हय?" पण त्यांनीच सगळ्यांत जास्त जोर लावला. होडी पाण्यात गेली आणि माझा विश्वास बसेना. ती तरंगली. जराशी डावीकडे कलून, पण तरंगली. बायकोला दोघांनी हात धरून आत बसवलं. बसताना तिने डोळे घट्ट मिटले, ओठ चावला. मग बाक सापडला, पाय टेकले, वल्ही कड्यांत बसली. मी लाइफ जॅकेट घातलं होतं आणि शिवाय मोटारीची एक हवा भरलेली ट्यूब मांडीवर धरली होती.

वल्हवणारा माणूस पुढे बघत नाही, मागे बघतो, हे मला तिथे कळलं. म्हणजे आम्ही समोरासमोर. कुठे जातोय ते फक्त मला दिसत होतं. तिला फक्त मी.

"सांगत राहा," ती म्हणाली.

पहिले दोन-चार हात वाकडे गेले. पाणी माझ्या तोंडावर उडालं. मग तिने खांदे सैल सोडले, पाठ सरळ केली, आणि काहीतरी बदललं. वल्ही आवाज न करता पाण्यात जायला लागली. ती पुढे झुकायची, मागे जायची, मनगटं फिरवायची, पुन्हा पुढे. घरात खुर्चीतून उठताना टेबलाला धरणारी बाई ही नव्हे. मी 'उजवीकडे' म्हणायचो. ती विचारायची, "तुमच्या की माझ्या?" काठावरची माणसं लहान झाली. वल्ह्यांवरून ओघळून तळाशी थोडं थोडं पाणी साचत होतं, ते मी पेल्याने बाहेर टाकत होतो. वाराही फारसा नव्हता. कुठेतरी दूर टिटवी ओरडत होती. मी पाण्याला घाबरायचं विसरलो होतो, हे मला मांडीवरची ट्यूब कधीतरी घसरून पडलेली दिसली तेव्हा लक्षात आलं.

काठाला लागलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. म्हातारबाबा गुडघाभर पाण्यात येऊन होडी धरून उभे राहिले. मी आधी उतरलो, चिखलात रुतलो, आणि तिला हात दिला. ती उठेना. पुन्हा प्रयत्न केला. गुडघे आखडले होते. चेहरा पांढरा पडला.

"दोघं मिळून उचलतो की," म्हातारबाबा म्हणाले.

"थांबा जरा," ती म्हणाली. दोन्ही हातांनी गुडघे चोळत बसली. मी चिखलात उभा, हात पुढे केलेला. मग तिने मान वर केली.

"उठायलाच हवं का लगेच?"

"नको," मी म्हणालो.

"मग बसा आत."

मी चिखलाच्या पायांनी परत चढलो. म्हातारबाबांनी होडीला एक ढकल दिली आणि काठावर जाऊन, तंबाखूची चंची काढून निवांत बसले. तिने एक वल्हं पाण्यात रोवलं, दुसरं ओढलं आणि होडी सावकाश वळवली. मी पेला उचलला आणि पाणी काढायला लागलो.